'कसं' ते सांगितलंत, आता 'किती' ते पण सांगा

"इट्स नॉट द काऊ, इट्स द हाऊ." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलंच असेल. मांसाच्या पाकिटावर, टी-शर्टवर, नाहीतर गुडघाभर गवतात उभ्या असलेल्या एखाद्या टोपीवाल्या शेतकऱ्याच्या व्हिडिओत. अर्थ असा की दोष गायीचा नाही, ती ज्या पद्धतीने पाळली जाते त्या पद्धतीचा आहे, पद्धत सुधारली की तीच गाय जमीन बरी करते, कार्बन मातीत पुरते, आणि मग खाणाऱ्याने अपराधी वाटून घ्यायचं काही कारण उरत नाही. यमक झकास आहे. आणि खरं सांगायचं तर यातलं अर्धं मला पटतं, उगाच नाकारत नाही. माझं भांडण उरलेल्या अर्ध्याशी आहे, कारण काऊ झालं, हाऊ झालं, 'हाऊ मच' कोणी विचारतच नाही. किती गायी? किती जमीन? किती मांस आणि ते किती लोकांना? हा 'किती' आला की ते छान वाक्य अडखळायला लागतं आणि पटकन विषय बदलला जातो.

आधी पटणारं अर्धं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.

अशा, म्हणजे 'रीजनरेटिव्ह' (जमीन पुन्हा जिवंत करणाऱ्या) पद्धतीने गायी चारणाऱ्या एका फार्मवर मी चार दिवस राहिले होते. सकाळी मालक रीळ हातात घेऊन बारीक तार गुंडाळायला लागला की त्या रिळाच्या कुरकुरीनेच सगळा कळप उठून त्या बाजूला येऊन उभा राहायचा, एकमेकींना ढुशा देत. तारेत करंट असतो, पण गायींना तो इतका माहीत झालेला असतो की वितभर अंतर ठेवूनच उभ्या. तार बाजूला झाली की सगळ्या एकदम आत, आणि मग पहिली दहा मिनिटं फक्त आवाज. गाय गवत कुरतडत नाही, जीभ गुंडाळून ओढते, आणि शंभरेक गायी एकाच वेळी ते करायला लागल्या की कोणीतरी जुनं जाड कापड टराटरा फाडतंय असं वाटतं. एक दिवस त्या तुकड्यात, दुसऱ्या दिवशी पुढच्या. परत त्याच जागी यायला दीड-दोन महिने. अर्धं गवत पोटात, उरलेलं पायाखाली तुडवलेलं, त्यावर शेण आणि मूत.

यामागचं लॉजिक साधं आहे. गवत कापलं गेलं की नवीन पाला फुटायला ते साठवून ठेवलेली शिल्लक वापरतं. जनावर तिथेच राहिलं तर तो कोवळा फुटवा चार-सहा दिवसांत परत खाल्ला जातो, कारण कोवळं गवत सगळ्यात गोड, मग शिल्लक संपते, मुळं आखडतात, आणि शेवटी त्या जागी जनावरांना नको असलेलं तण तेवढं राहतं. म्हणजे कुरण मारतो तो दुसरा घास, पहिला नाही. आंद्रे व्हॉइझँ नावाच्या फ्रेंच शेतकरी-बायोकेमिस्टने 1950 च्या दशकात हेच मांडलं होतं, की कुरण उजाड होणं हे जनावरांच्या आकड्यापेक्षा ती एका जागी किती वेळ राहतात आणि गवताला किती विसावा मिळतो यावर ठरतं. दहा गायी वर्षभर मोकळ्या सोडल्या तरी रान खाऊन टाकतील, आणि शंभर गायी एक दिवस सोडून काढून घेतल्या तर कदाचित काही होणार नाही. ('रीजनरेटिव्ह' हा शब्द बराच नंतरचा, 1980 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी तो सेंद्रिय शेतीच्या संदर्भात रुजवला. मांसाच्या पाकिटावर तो अजून खूप उशिरा आला.)

मालकाने कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक फावडं माती काढून दाखवली. अलीकडची काळसर, हाताने दाबली की भाजलेल्या रव्यासारखी सुटी होणारी, दोन गांडुळं लगेच वळवळत बाहेर. पलीकडे वर्षानुवर्षं मोकाट चराई झालेली, तिथली माती फिकट, ढेकळं निघाली तीही विटेसारखी. मग तळ नसलेला एक पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात पाणी ओतलं. अलीकडचं आम्ही बोलेबोलेपर्यंत गडप झालं, पलीकडचं आम्ही तिथून निघालो तरी डब्यात उभं होतं. हे एका कुंपणावरचं एक फावडं आहे, याला पुरावा म्हणायचं नाही हे मला कळतं. पण ज्याने ते पाणी मुरताना बघितलंय त्याला 'हे सगळं नुसतं मार्केटिंग आहे' म्हणून उडवून लावता येत नाही.

आणि शेण. शहरी माणसाला शेण बघायला सांगितलं की तो हसतो, मीही हसले, पण तिथे शेणाच्या पोवर बोट जाईल एवढी भोकं होती, शेणकिड्यांची. ते शेण खाली ओढून नेतात, माती भुसभुशीत करतात, माश्यांना जागा ठेवत नाहीत. जंतांसाठी आयव्हरमेक्टिनसारखं औषध सर्रास दिलं की ते शेणातून बाहेर पडतं आणि त्यात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या मरतात, मग शेण महिनोन्महिने तसंच वाळून पडून राहतं. म्हणून तो सरसकट औषध देत नव्हता, आजारी जनावर बघून द्यायचा. ऑस्ट्रेलियात तर गुरं बाहेरून नेलेली, तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गायीच्या ओल्या शेणाचं करायचं काय हे त्यांना माहीतच नाही. शेवटी 1960 च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने आफ्रिकेतून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. गाय आणि गवत यांचं नातं 'नैसर्गिक' आहे असं जेव्हा कोणी घाऊक भावात सांगतं तेव्हा मला हे किडे आठवतात.

कारण गडबड इथूनच सुरू होते. एका जमिनीवर चाललं ते सगळीकडे चालेल असं धरलं जातं. झिम्बाब्वेचे पर्यावरणतज्ज्ञ ॲलन सेव्हरी यांचं 2013 चं टेड व्याख्यान लाखो लोकांनी बघितलंय, त्यात त्यांचं म्हणणं असं की वाळवंट होत चाललेल्या जमिनी वाचवायला मोठे, दाट, सतत हलते कळप हाच एकमेव उपाय उरलाय. बोलतात फार छान. पण त्याच व्याख्यानात ते कबूलही करतात की तरुणपणी त्यांना खात्री होती की जमीन हत्तींमुळे उजाड होतेय, त्यांनी तसं सांगितलं, आणि त्यातून सरकारने सुमारे 40,000 हत्ती मारले, आणि जमीन सुधारली नाहीच. आयुष्यातली सगळ्यात मोठी आणि दुःखद चूक असं ते स्वतःच म्हणतात. प्रामाणिकपणाबद्दल मान आहे, पण इतक्या मोठ्या खात्रीचं असं झालेलं असताना परत 'एकमेव उपाय' हे शब्द वापरायला जीभ कशी धजावते, असं मला वाटत राहतं. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात एकेकाळी कोट्यवधी बायसन फिरायचे, ते गवत खुरांखालीच घडलेलं, तिथे गाय बायसनची जागा थोडीफार घेऊ शकते. पण पश्चिमेकडच्या कोरड्या भागांत असे मोठे कळप फारसे नव्हतेच, तिथे मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची एक पातळ जिवंत साय धरलेली असते, ती माती उडू देत नाही. त्यावर खूर पडला की ती तुटते आणि परत धरायला दशकं जातात. आणि ॲमेझॉनमध्ये तर जंगलच तोडून कुरण केलं जातं, जंगलतोडीचं तिथलं सगळ्यात मोठं कारण गुरं. तिथे कितीही छान तार हलवा, काय पुन्हा जिवंत करताय तुम्ही?

आता कार्बन. यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि सगळ्यात कमी हिशोब.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ब्लफ्टनचं व्हाइट ओक पाश्चर्स हे फार्म या चळवळीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. 2019 मध्ये त्यांच्याबद्दल एक रिपोर्ट आला, जनरल मिल्स या कंपनीने पैसे दिलेला, त्यात म्हटलं होतं की इथलं एक किलो बीफ जितका कार्बन सोडतं त्याहून सुमारे साडेतीन किलो जास्तच मातीत जातो. झालं, 'कार्बन निगेटिव्ह' मांस सगळीकडे. पण 2020 मध्ये त्याच फार्मवर रीतसर शोधनिबंध आला, त्यात गायींसोबत तिथली बाकी जनावरं, कोंबड्या, सगळं धरलं, तेव्हा उत्सर्जन नेहमीच्या पद्धतीपेक्षा 66 टक्के कमी निघालं. कमी, शून्याखाली नाही. 66 टक्के ही मोठीच गोष्ट आहे, मी टोपी काढते. पण त्याच निबंधात पुढे लिहिलंय की तेवढंच मांस काढायला या पद्धतीत अडीच पट जमीन लागली. हा अडीचचा आकडा मी आजवर एकाही पाकिटावर बघितलेला नाही.

शिवाय ती जमीन आधी काय होती? वर्षानुवर्षं पिकं घेऊन कस गेलेली शेतजमीन. तिच्यात कर्ब भरायला जागा होती म्हणून भरला. रिकामी टाकी जोरात भरते, भरत आली की आवक मंदावते, आणि काही दशकांत माती आपल्या पातळीला येऊन थांबते. गायीचं मिथेन मात्र थांबत नाही, ती रवंथ करतेय तोवर ढेकरेतून येतच राहणार (ढेकरेतूनच, मागून नाही, विनोद बरेच झालेत त्यावर). टाकीतला कार्बन टिकेल याचीही गॅरंटी नाही, दुष्काळाची ओळीने दोन-तीन वर्षं आली किंवा पुढच्या मालकाने नांगर घातला की बराचसा परत हवेत. मोजायचं म्हटलं तर वेगळीच डोकेदुखी, चार पावलांवर आकडा बदलतो, वरचा थर वाढलेला दिसतो आणि खालच्या थरात काय झालं ते कोणी खणून बघत नाही.

ऑक्सफर्डच्या फूड क्लायमेट रिसर्च नेटवर्कने 2017 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हाच हिशोब मांडला होता. त्यांचा निष्कर्ष असा की परिस्थिती अगदी अनुकूल धरली तरी चराईतून मातीत जाणारा कार्बन हा चरणाऱ्या जनावरांच्या स्वतःच्या उत्सर्जनापैकी 20 ते 60 टक्केच भरून काढू शकतो. म्हणजे गाय स्वतःचाच पूर्ण हिशोब चुकता करू शकत नाही, बाकी जगाचा कुठून करणार.

मिथेनवर एक उलट युक्तिवाद होतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही, म्हणून घेते. मिथेन हवेत साधारण 12 वर्षं टिकतं, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. त्यामुळे कळप तेवढाच राहिला तर जितकं मिथेन सोडलं जातं जवळपास तितकंच जुनं विरून जातं, नवीन गरमी फारशी वाढत नाही. बरोबर. पण यातून दोन गोष्टी निघतात ज्या हे सांगणारे सांगत नाहीत. एक, मग कळप वाढवायचा नाही. दोन, कळप कमी केला तर फरक चटकन दिसेल, इतका चटकन की दुसऱ्या कुठल्याच उपायाने दिसणार नाही. आधीच तापवून ठेवलंय तेवढंच तापलेलं ठेवू, असं म्हणणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे ना.

आणि कळप तर वाढवावाच लागेल! इथे माझा मूळ मुद्दा येतो. फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावरं एका जागी कोंडून दाण्यावर वाढवतात तिथे, मका-सोया खाऊन जनावर लवकर वजन धरतं, गवतावर त्याला कितीतरी महिने जास्त लागतात आणि तरी वजन कमी भरतं. तितके महिने ते जास्त जगतं (हे त्या जनावराच्या दृष्टीने चांगलंच), जास्त जागा घेतं, जास्त ढेकरा देतं. 2018 मध्ये अमेरिकेपुरता हिशोब झाला: सगळं बीफ फक्त गवतावर काढायचं आणि खाणं तेवढंच ठेवायचं तर गुरं सुमारे 30 टक्क्यांनी वाढवावी लागतील, आणि आहे त्या कुरणांवर मात्र सध्याच्या बीफपैकी 27 टक्केच निघेल. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ऑक्सफर्डच्या त्या रिपोर्टमध्ये अजून एक आकडा आहे जो मला कायम लक्षात राहिलाय. फक्त चराईवर वाढवलेल्या जनावरांपासून जगात दर माणशी दर दिवशी किती प्रोटीन मिळतं? सुमारे 1 ग्रॅम. माणूस सरासरी 81 ग्रॅम खातो.

एक ग्रॅम!

म्हणून म्हणते, रीजनरेटिव्ह पद्धत खोटी नाही, पण ती जर खरीच मानायची तर तिचा पहिला अर्थ 'निवांत खा' असा होतच नाही, 'खूप कमी खा' असा होतो. तार हलवणाऱ्या त्या मालकाला हे पक्कं माहीत होतं, त्याची जमीन जितकी जनावरं झेलते तितकीच तो ठेवायचा आणि पाऊस कमी झाला की आधी कळप कमी करायचा, खुराक विकत आणून आकडा टिकवायचा नाही. विसर पडतो तो विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं होईल. जनावरांच्या खाण्यापैकी 86 टक्के माणसाला खाताच येत नाही, गवत, काड, पेंड, असलं, हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडला आणि तो बरोबर आहे. चढउताराची, खडकाळ, पाऊस कमी असलेली जमीन, जिथे नांगर घालणं हाच गुन्हा ठरेल, तिथे गवतातून अन्न काढायचं दुसरं साधन माणसाकडे नाही. अशा जमिनीवर पिढ्यान्पिढ्या गुरं राखणाऱ्याला 'कडधान्यं खा' म्हणून सांगायला जाणं हा निव्वळ आगाऊपणा. फक्त उरलेले 14 टक्के म्हणजे किरकोळ नाही, जगातल्या धान्यापैकी साधारण एक तृतीयांश त्यात जातं. आणि ज्याचं मांस सुपरमार्केटच्या फ्रीजमधून येतं, ज्याच्यासमोर चाळीस पर्याय मांडलेले असतात, त्याने त्या डोंगरावरच्या मेंढपाळाच्या आड लपू नये. बरेच जण लपतात.

शाकाहारी आणि व्हीगन लोकांचे हात अगदी स्वच्छ असंही नाही. शेत नांगरताना, कापताना उंदीर, पिल्लं, बेडूक मरतात, औषध फवारलं की कीटक तर मोजायचेच नाहीत. 2003 मध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टीव्हन डेव्हिस यांनी यावरून मांडलं की कमीत कमी जीव जावेत असं खरंच वाटत असेल तर लोकांनी व्हीगन होण्यापेक्षा कुरणावरच्या मोठ्या जनावरांचं मांस खावं, एका गायीत पुष्कळ जेवणं निघतात. युक्तिवाद गमतीशीर आहे आणि तो आजही नवा असल्यासारखा फिरत असतो. पण त्याच वर्षी गॅव्हरिक मॅथेनी यांनी त्यातली खोट दाखवली होती: डेव्हिस यांनी मृत्यू मोजले ते एकरामागे, माणसामागे नाहीत. एक एकर पिकातून जितकी माणसं जेवतात तितकी एक एकर कुरणातून जेवत नाहीत. भागाकार केला की पारडं पुन्हा पिकांकडे झुकतं. परत तोच 'किती', बघा.

कोंबडीबद्दल जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे पर्यावरण आणि दया एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि यावर लोक बोलायचं टाळतात.

2018 मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 119 देशांतल्या जवळपास 38,700 शेतांचा डेटा एकत्र केला. 100 ग्रॅम प्रोटीनमागे मांसासाठी पाळलेल्या गायीचं उत्सर्जन सरासरी 50 किलोच्या घरात, कोंबडीचं सहाच्या आत, वाटाण्याचं अर्ध्या किलोपेक्षा कमी. त्यामुळे हवामानाची काळजी करणारा प्रत्येक जण सांगतो, बीफ सोडा, चिकन खा. आता जीव मोजा. एका बैलातून दोनशे किलो मांस सहज निघतं, एका कोंबडीतून दीड-दोन किलो. म्हणजे एका जनावराऐवजी शंभराहून जास्त. आणि ती कोंबडी कशी जगते? साधारण सहा आठवडे, बहुतेक वेळा दिवसाउजेडाशिवाय, स्वतःच्या छातीच्या वजनाने पाय वाकलेले. जगात दर वर्षी जमिनीवरची 8,000 कोटींहून जास्त जनावरं खाण्यासाठी मारली जातात आणि त्यातल्या 7,000 कोटींहून जास्त कोंबड्याच आहेत. बीफ सोडून चिकनवर येणाऱ्याने वातावरण थोडं वाचवलं आणि दुःख शंभर पटीने वाढवलं, आणि त्याला ते कोणी सांगितलंही नाही. मी स्वतः तीन-चार वर्षं हेच केलं, आणि वर लोकांना सांगत होते की मी जागरूकपणे खाते.

मग रीजनरेटिव्ह कोंबडी? त्या फार्मवर होत्या, बिनतळाचे पिंजरे, रोज सकाळी एक पिंजरा पुढे ओढायचा, खाली ताजं गवत आणि किडे. कोंबड्या मजेत होत्या, यात शंका नाही. पण कोंबडी गवतावर जगत नाही, तिचं पोट तसं नाही, तिला दाणा लागतोच, आणि तो दाणा पोत्यांतून येत होता, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातला मका, दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीतला सोया. त्या पोत्यांतलं नायट्रोजन-फॉस्फरस कोंबडीतून विष्ठेत, विष्ठेतून या कुरणात. कुरण हिरवंगार होणारच की! ही जमीन सुधारली, पण थोडी दुसऱ्या जमिनीच्या जिवावर, आणि तिकडे जाऊन फावडं कोणी मारत नाही.

या शेतकऱ्यांचं अजून एक लाडकं वाक्य आहे, "आमच्या जनावराच्या आयुष्यात एकच वाईट दिवस असतो." यातही तथ्य आहे आणि थोडी लबाडी आहे. तथ्य असं की पिंजऱ्यात वळताही न येणारी डुकरीण आणि उन्हात लोळणारी डुकरीण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि 'शेवटी दोघी मरतातच' म्हणून तो पुसून टाकणारी माणसं मला थोडी निर्दय वाटतात, तत्त्वासाठी निर्दय. लबाडी अशी की तो दिवस येतो कधी? गाय 15-20 वर्षं जगू शकते, मारली जाते दोन-अडीचच्या आसपास. डुकराला सहा महिने. म्हणजे जो 'एक वाईट दिवस' म्हणून सांगितला जातो त्याने पुढचे हजारो चांगले दिवस खाल्लेले असतात, ते कोणी मोजायचे?

मी होते तेव्हा एका सकाळी ट्रक आला होता. पाच जनावरं न्यायची होती. चार चढली, पाचवा गोऱ्हा फळीवर पुढचे पाय ठेवून उभाच राहिला. कोणी मारलं नाही, ओरडलं नाही, मालक त्याच्या मानेला हात लावून नुसता उभा होता, बराच वेळ, आणि मग तो गोऱ्हा चढला, बहुधा मालकाच्या हातावर विश्वास होता म्हणूनच चढला. मालक त्या दिवशी दुपारी जेवायला आला नाही. मी विचारलंही नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटला आणि त्याच क्षणी हेही स्पष्ट झालं की माती कितीही काळी झाली तरी तिचा या फळीशी काही संबंध नाही. मातीत कर्ब वाढला म्हणून मारणं योग्य ठरत नाही, आणि मारणं चूक आहे म्हणून माती सुधारली हे खोटंही ठरत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि 'एथिकल मीट' या दोन शब्दांत ते एकत्र मळून टाकलेत. ('निसर्गात वाघही खातोच की' म्हणणाऱ्यांना एवढंच, वाघ लेबल वाचून खात नाही.)

लेबलांचं म्हणाल तर तिथे आनंदच आहे. 'रीजनरेटिव्ह' म्हणजे नेमकं काय यावर जगभरात एकमत असलेली कायदेशीर व्याख्या नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्केटिंग विभागाने तर 'ग्रास-फेड'चं स्वतःचं मानकच जानेवारी 2016 मध्ये मागे घेतलं. रीजनरेटिव्ह ऑरगॅनिक सर्टिफाइडसारखी काही सर्टिफिकेटं बऱ्यापैकी कडक आहेत, माती, जनावरांना मिळणारी वागणूक आणि मजुरांचे हक्क तिन्ही बघतात, पण नुसता हिरवा डोंगर आणि एक गाय छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी काय करते? मांस पूर्ण सोडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी पकडायला नको. आधी आठवड्याचे चार-पाच दिवस असायचं, आता महिन्यातून दोनदा, आणि चिकन बंद. दूध सुटत नाहीये, आणि दुधामागे नर वासराचं काय होतं हे माहीत असून सुटत नाहीये, त्याला माझ्याकडे काही उत्तर नाही, सवय आहे एवढंच. अंडी घेताना मी आता थेट विकणाऱ्याला विचारते. विकत आणलेला दाणा किती, जमिनीवर आधी काय होतं, जंतांचं औषध कधी देता. बहुतेक जण उत्साहाने सांगतात, काही जण फोटो पण पाठवतात, आणि मग मी नरांचं विचारते.

हा प्रश्न मला त्या फार्मवरच सुचला होता. चौथ्या दिवशी पिल्लांची खोकी आली, शेकडो पिवळे गोळे, एकसारखा चिवचिवाट, पुढची दीड-दोन वर्षं मोकळ्या रानात हिंडून अंडी देणार होते सगळे. सगळ्या माद्या. अंडी देणाऱ्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही, म्हणून जगात दर वर्षी 700 कोटींच्या आसपास नर पिल्लं अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने 2022 पासून त्यावर बंदी घातली, तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखायची मशीन वापरतात, पण बाकी बहुतेक ठिकाणी पद्धत तीच आहे, आणि पिंजऱ्यातली कोंबडी काय, रानातली काय, पिल्लं बऱ्याचदा त्याच हॅचरीतून येतात. मी मालकाला विचारलं, यांचे भाऊ कुठे आहेत?

त्याने खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, ते मी ऑर्डर करत नाही.